पेन्सिलीच्या खुणा

तिसऱ्या आठवड्यात पाणी, चौथ्यात भूक,
पाचव्यात स्थलांतर, सातव्यात ऊर्जा.
मंगळवारी सव्वानऊ ते अकरा,
मध्ये कॉफीला दहा मिनिटं.
ग्रोनिंगनमध्ये जगाचे प्रश्न असे
वेळापत्रकात नीट बसवलेले,
आणि मी सायकलला कुलूप घालेपर्यंत
त्यातला एखादा सुरूही झालेला.

आल्त्येआत्या विचारते,
"फेना, शिकून होणार काय तू?
दात दुखला तर दातांचा डॉक्टर,
नळ गळला तर प्लंबर.
जग दुखलं तर काय, तुला फोन करायचा?"
मी हसते. बटाटे सोलत राहते.

सातव्या आठवड्यात हिल्टयेबाईंनी विचारलं,
जमिनीखालचं काढून नेल्यावर
वरच्यांचं काय होतं, कुणी पाहिलंय?
चिलेशेनं हात वर केला.
त्याचं गाव तांब्याचं, कित्वेच्या पलीकडे.
मामाच्या अंगणात एका सकाळी खड्डा पडला,
खुराडं आत गेलं.
कंपनीनं कोंबड्यांचे पैसे दिले.
अंगणाचे नाही.
वर्ग थोडा हसला, मग गप्प झाला.

मी हात वर केला नाही.
आमच्या गावात कुणी मेलं नव्हतं.
रात्री कधी कपाटातल्या ताटल्या किणकिणतात, एवढंच.
गोठ्याच्या भिंतीला तीन लाकडी टेकू, एवढंच.
चर्चचं दार वर्षभर बंद आणि
लग्नं जिमखान्यात लागतात.
एवढ्याशाला जागतिक म्हणायची
लाज वाटली मला.

निबंध मी नायजरच्या मुखावर लिहिला.
अडीच हजार शब्द, एकतीस संदर्भ,
जिथं कधी पाऊल ठेवलं नाही
तिथल्या चिखलाचा रंगसुद्धा.
दहापैकी आठ.
समासात बाईंची हिरवी शाई:
छान. पण यात तू कुठं उभी आहेस?

शुक्रवारी चिलेशेला घरी नेलं.
बसमधून दोन्ही बाजूंना बीटाचे ढीग,
एवढं सपाट की त्याला म्हणे
उभं राहायचीच भीती वाटली.
बाबा दुधाचा टँकर लावून आले, हात धुतले,
पाहुण्याला आधी बसवायचं सोडून
भिंत दाखवायला घेऊन गेले.

स्वयंपाकघराची पूर्वेकडची भिंत.
छतापासून निघालेली भेग
खिडकीला वळसा घालून खाली आलेली,
आणि ती जिथं जिथं थांबली होती
तिथं तिथं पेन्सिलीची आडवी रेघ,
रेघेशेजारी बाबांचं बारीक अक्षर:
नऊ फेब्रुवारी, पहाटे.
सतरा मे, जेवताना.
आठ नोव्हेंबर, आल्त्येचा वाढदिवस, केक वाचला.
पाहणीला आलेला माणूस टॅब्लेटवर बोट फिरवत
विचारून गेला होता, ही भेग आधीची की नंतरची?
बाबा म्हणाले होते, वाचता येतं ना तुला?

चिलेशे उकिडवा बसला.
सगळ्या तारखा वाचल्या त्यानं, खालून वर,
एखादी पोथी उलटी उलगडावी तशा.
मग विचारलं,
"हा गॅस जायचा कुठं?"
बाबा बराच वेळ बोलले नाहीत.
त्यांनी नुसता हात केला
शेगडीकडे, जिच्यावर
त्याच्याच कॉफीचं पाणी ठेवलेलं होतं.
निळी ज्योत. आम्ही तिघंही बघत राहिलो.
पाणी उकळून अर्धं झालं.

निबंध परत लिहायला घेतलाय.
पहिलं वाक्य अजून सापडत नाही.
खालची टीप मात्र तयार आहे:
स्रोत, स्वयंपाकघराची भिंत, पूर्वेकडची.
लेखक, हार्म विर्सेमा, दुधाच्या टँकरचा चालक.
माध्यम, पेन्सिल.
प्रकाशनाचं वर्ष विचारतात,
तिथं काय लिहू?
काल बाबांचा फोन आला होता.
रेघ आणखी बोटभर खाली गेलीय,
आणि पेन्सिल, म्हणाले,
येताना चांगली आण, ही संपत आली.